मुक्ताची राणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यातल्या बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, पण मी रडेन वगैरे अशी अपेक्षा ठेवू नका.

२००१ साली आम्ही अमेरिकेत शॉमबर्गला आलो. नवऱ्याची नोकरी, त्याच्या व्हिसावर मी घरी. पुण्यात कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवायचे. इथे मी कोण? मुक्ताची मॉम. तेवढीच.

पुढच्या वर्षी मुक्ता पाचवीत गेली. अमेरिकेने ज्याच्याविरुद्ध बंड केलं तो तिसरा जॉर्ज राजा आणि त्याची शार्लट राणी — दोघांच्या एकत्र राज्याभिषेकाचं नाटुकलं तिच्या टीचरनी, मिसेस डॉसननी, बसवायला घेतलं. राणी मुक्ता! पोर डोक्यावर उशी ठेवून घरभर ताठ चालायची.

मी टीचरना भेटायला गेले. म्हटलं, तुमच्या नाटकात राणी घडाघडा इंग्रजी बोलते. खरी राणी सतरा वर्षांची होती, जर्मनीहून नुकती आलेली, लग्नाला दोनच आठवडे झालेले, इंग्रजी जेमतेम. परक्या भाषेतला सोहळा ऐकत बसलेली मुलगी — ते दाखवू या ना, मी मदत करते. त्या हसल्या. प्रेमानंच हसल्या. "युअर इंग्लिश इज सो गुड!" मदतीला पुष्कळ जण आहेत म्हणाल्या — मी फक्त समोसे आणावेत.

एवढंच. यात चिडण्यासारखं काय होतं? होतं. तो राग मी आजही मागे घेणार नाही.

पण केलं काय? शाळेत फोन करून सांगितलं — नाटकाच्या दिवशी आम्ही बाहेरगावी जातोय, मुक्ताला जमणार नाही. कुठेही जायचं नव्हतं. टीचरनी पुन्हा पुन्हा विनवलं. मी नाही म्हटलं आणि मला — खोटं कशाला बोलू? — फार बरं वाटलं.

तेही चाललं असतं. मुक्ताला मात्र मी म्हणाले, टीचरनी दुसरी मुलगी घेतली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आई, बिकॉज आय ॲम ब्राउन?"

मी गप्प बसले. नुसतं 'नाही' म्हणायला काय लागत होतं?

दुसऱ्या दिवशी, तिची राणी हुकली म्हणून टीचर तिला जवळ घेऊन नुसतंच सॉरी म्हणाल्या, तर पोरीला तोही पुरावाच वाटला. पुढे एकदा दुकानात त्यांनी हाक मारली. मुक्तानं तोंड फिरवलं. तिच्यामागून मीही कार्ट वळवली.

या उन्हाळ्यात, २०१० मध्ये, ती कॉलेजला निघाली. निरोपाला जमलेल्या काका-काकूंना तिनं हीच गोष्ट सांगितली. मी शाळेत गेले होते हे तिला आठवत होतं. उरलेलं तिनंच जुळवलं होतं.

"आई माझ्यासाठी फाइट करायला गेली होती."

"आई असावी तर अशी!" एक काकू म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, त्यात काय एवढं," म्हणत मी वाढायला लागले.

मिसेस डॉसन तशा नव्हत्या. माझ्या मुलीच्या मनातली ती दुष्ट गोरी बाई मी तयार केली. तिला ती जखमही मीच दिली.

तिचा रोज फोन येतो. मी सांगत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे — तिच्यासाठी भांडणारी ती आई मला आवडते, म्हणून.