साहेबाचा मामा आणि माझा

लग्न होऊन भामरागडला आले तेव्हा आमच्या ह्यांच्या तोंडी एकच पालुपद होतं: बॉब तुझा मामा. हे जंगलखात्यात रेंजर. काम शिकले एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली. साहेब विलायतेला निघून गेला, पण आपलं बोलणं आमच्या घरात ठेवून गेला. कंदील पेटत नाही? वात वर कर, रॉकेल घाल, की बॉब तुझा मामा. म्हणजे काम झालंच समज.

हा मेला बॉब कोण, असं मी एकदा वैतागून विचारलं. हे खुशीत आले. म्हणे विलायतेत कुणी बडा प्रधान होता, त्याने आपल्या भाच्याला की पुतण्याला मोठ्या खुर्चीवर बसवलं. तिकडे काका-मामाला शब्द एकच. प्रधानाचं घरातलं नाव बॉब. ज्याचा मामा बॉब त्याला काळजी कसली, अशी लोकांनी थट्टा केली आणि ती बोलण्यात रुळली. हे खरं का, तर म्हणाले, "साहेबालेही पक्कं माहीत नव्हतं." खात्री द्यायला शब्द शोधला, तोही ऐकीव. माझा जीव जळायचा.

पुढे मला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि न्यायला माहेरच्या माणसाने यायचं, ही आमच्याकडची रीत. मला वडील नव्हते, भाऊ नव्हता. माहेरचं माणूस म्हणजे मामा. त्याचं गाव चामोर्शीकडे; तिथून बैलबंडीने चार मुक्कामांची वाट. पावसाळ्यात नद्या भरल्या की भामरागडला ना कुणी येणार, ना कुणी बाहेर पडणार. म्हणून मृगाच्या आधी येतो, असा त्याने निरोप धाडला होता.

"म्हाताऱ्याले कायले तरास?" हे म्हणाले. "लाकूड न्यायले खात्याचा ट्रक येते. त्यात बसायचं, आलापल्लीले उतरायचं, तिथून मोटार. बॉब तुझा मामा."

"अन् ट्रक नाई आला त?"

"काऊन नाई येणार?"

मी मूर्ख. इतका शिकलेला माणूस इतक्या ठामपणे सांगतो म्हणून मामाला पत्र घातलं, येऊ नको.

ट्रक वाटेतच बिघडून पडला. आठ दिवस आज येईल, उद्या येईल असं चाललं, तेवढ्यात गावाजवळच्या पर्लकोटा नदीला पूर आला. हे रोज नदीवर जाऊन पाणी बघून यायचे आणि घरात आले की माझ्याकडे बघायचं टाळायचे. दिवस भरले तरी वाट बंदच, मी सरकारी क्वार्टरच्या मातीच्या जमिनीवर बाळंत झाले. सोडवायला शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, एक माडिया बाई आली. तिला माझी बोली येत नव्हती, मला तिची. दोन दिवस कळा दिल्या. मी मामाला हाका मारत होते, असं हे नंतर सांगत. मायलेकी वाचलो ते त्या बाईमुळे.

दिवाळीनंतर वाट मोकळी झाली तशी पोरीला घेऊन माहेरी गेले. मामाने पोर मांडीवर घेतली. मला राहवलं नाही.

"मी लिवलं नको येऊ म्हून, तरी तुले समजाले पाहिजे होतं. काऊन नाई आला?"

त्याने पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"बंडीत तुह्यासाठी मऊ तणस हातरून ठेवलं होतं, माय," तो म्हणाला. "सकारी निघाचं म्हून बैल घरीच बांधून ठेवले होते. आदल्या सांजच्याले तुहं पत्र आलं. म्या बैल सोडून देल्ले."