रूथचा डावा हात आणि आबांच्या टाळ्या

ग्रुपवरच्या आयांनो, आज माझा चांगलाच पोपट झाला.

माझ्या रूथला सेरेब्रल पाल्सी आहे, डावा हात कमी चालतो. घरी ती हात किती वापरते ते कळावं म्हणून थेरपिस्ट मॅडमनी दोन्ही मनगटांवर बांधायला घड्याळासारखे पट्टे दिले होते. हात हलला की त्यात नोंद होते.

आज केडगावहून दौंडला जाऊन पट्टे परत दिले. मॅडमनी कॉम्प्युटरवर दाखवलं, दिवसभर डावा हात जवळजवळ गप्प, पण रोज संध्याकाळी एकदम जोरात. मी खूश. मॅडमनी विचारलं, "संध्याकाळी काय करते ती?"

मग माझी ट्यूब पेटली. संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना असते. माझे सासरे, आबा, रूथला मांडीवर घेतात आणि गीत चालू असताना तिचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवतात. पट्ट्यानं आबांचाच जोर मोजला होता.

घरी येऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी आता मी हात बांधून बसू व्हय?"

पण संध्याकाळी प्रार्थनेला तसेच बसले. गीत संपलं तरी रूथ आबांच्या हातांकडंच बघत होती. आबांनी तेच गीत परत धरलं, मग आणखी एकदा. तेव्हा तिचा डावा हात हळूहळू वर आला आणि उजव्याला नुसता टेकला. आवाजसुद्धा आला नाही.

आणि हे मोजायला पट्टे तर दौंडलाच राहिले.

तुमच्या घरी लेकराचा हात कोण हलवतं? एकदा नीट बघा.