पत्र्यावरचा ठेका

आमच्या दोघांत गाता गळा त्याचा होता. हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, पण खरं तेच होतं.

मी घाटकोपरचा, बँकेत चिकटलेला, खिशात माउथ ऑर्गन घेऊन फिरणारा. तो भांडुपच्या चाळीतला, गिटार वाजवत गाणारा. संपात वडिलांची गिरणी बंद पडली आणि हा कॉलेज सोडून एका कारखान्याच्या गोदामात लागला. तिथून सुटायचं आणि गाऊन पोट भरायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. रोज बोलायचा. मला कंटाळा यायचा.

बोटीवर नोकरी करणाऱ्या चेंबूरच्या एका माणसाने आम्हाला ब्लूजच्या कॅसेट दिल्या होत्या. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची गाणी. तीन कॉर्ड, चार-चार ठोक्यांच्या बारा तुकड्यांचा एक फेरा, तोच पुन्हा पुन्हा. माझ्यासाठी ती फॅशन होती. तो मात्र पहिल्यांदा ऐकून म्हणाला, "आमच्या भजनासारखंच आहे रे, फक्त टाळ नाय." चाळीतल्या भजनी मंडळात तो लहानपणापासून गायचा. त्यामुळे बसायची, गायची, पाय आपटायची सगळी सवय तिथलीच. आमच्याकडे ड्रम नव्हता; त्याची अनवाणी टाच हाच आमचा ड्रम. गाणं मध्यावर आलं की मी एकट्याने दोन फेरे वाजवायचे, भुवया उडवून खूण करायची, मग त्याने शेवटचं कडवं उचलायचं, असं ठरलेलं होतं. माझी खूण होईपर्यंत त्याने ठेका सोडायचा नाही. वाजवणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही, हा नियम त्याचाच. बुवाला कोण तोडतं?

मार्च महिन्यात मुलुंडच्या एका मैदानावर दिवसभराचा संगीत महोत्सव होता. आम्हाला दुपारी तीनची वेळ मिळाली. नवख्यांना तीच मिळते. फळ्या कमी पडल्या म्हणून आयोजकांनी स्टेजवर लोखंडी पत्रे टाकले होते, आणि वर छप्पर नाही. माइक बघायला मी आधी वर गेलो तेव्हा माउथ ऑर्गन हातातून निसटला. तो उचलताना बोटं पत्र्याला लागली आणि मी चटकन हात मागे घेतला. माझ्या पायात बूट होते. स्टेजच्या मागे गुंडाळलेली सतरंजी पडलेली मी पाहिली होती, हेही सांगून टाकतो.

खाली उतरलो तेव्हा जुहूच्या एका हॉटेलचा मॅनेजर भेटला. त्यांच्या पियानोवाल्याच्या जोडीला रोज संध्याकाळी गाणारा किंवा वाजवणारा एक माणूस हवा होता. "दोघं नकोत, एकच," तो म्हणाला. "पब्लिकला कोण धरून ठेवतो ते बघतो. तुमच्या मित्रालाही सांगा." मी सांगतो म्हटलं आणि सांगितलं नाही.

आमचं नाव पुकारलं. जिन्यापाशी त्याने चपला काढल्या, पत्र्याला घाईने हात लावून तो कपाळाला लावला, आणि चढला. कुठल्याही स्टेजवर तो चपला घालून चढला नसता. चटका त्याला पहिल्या पावलालाच बसला असणार. त्याने माझ्याकडे बघितलं. मी माउथ ऑर्गन तोंडाला लावला.

पहिली दोन कडवी तो असा गायला की घामाने वैतागलेलं पब्लिक गप्प झालं. पुढच्या रांगेत मॅनेजर मान डोलवत होता. त्याच्याकडे बघून. ते मला दिसलं आणि माझं टाळकं सरकलं.

माझी पाळी आली. दोन फेरे झाले. मी भुवया उडवल्या नाहीत. डोळे मिटून तिसरा सुरू केला, मग चौथा. टाचेचा ठेका चालूच होता. मध्ये कुणीतरी ओरडलं, "अबे, ये तो खड़े-खड़े नाच रहा है!" आणि हशा पिकला. मी किंचित डोळे उघडले. तो उजवा पाय उचलून डावा आपटत होता, मग डावा उचलून उजवा. चेहरा वाकडा झालेला, नजर माझ्यावर. मी पुन्हा डोळे मिटले. माझ्या वाजवण्याला शिट्ट्या पडत होत्या. मी आठ फेरे वाजवले.

खूण केली तेव्हा त्याच्या गळ्यातून काही बाहेर पडलं, पण त्याला गाणं म्हणता आलं नसतं. लोक हसत होते. मॅनेजर खाली माझी वाट बघत उभा होता.

नंतर मैदानाबाहेरच्या दुकानातून मी मलम आणलं. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. तो कट्ट्यावर बसला, पाय माझ्या मांडीवर ठेवले. हॉटेलचं मी त्याला तेव्हा सांगितलं, जणू ते आत्ताच घडलं होतं.

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बरोबर घेतलं तुला. तू डोळे मिटलेस आणि गेलास यार, कुठे आहेस ते तुलाच माहीत नव्हतं. आणि मी मेला सारखा पायाचाच विचार करत होतो. कधी संपवतोस, कधी संपवतोस, हेच डोक्यात. खऱ्या गाणाऱ्याला पाय आठवतो काय? गिटार आता देऊन टाकतो कुणालातरी. उगाच इतकी वर्षं घरच्यांना आशेला लावलं."

डोळे मिटून मी फेरे मोजत होतो, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्याच्या टाचेवरचा फोड फुटू नये म्हणून मी हलक्या हाताने मलम लावत राहिलो.

"असतं रे," मी म्हणालो, "सगळ्यांनाच नाही जमत."