विहीणबाईंचा कालवा

आधी आल्या विहीणबाई, मागून व्याही बॅगा ओढत. आठ दिवस वेल्सला राहून आले. आनंदच झाला हो, पण बायांनो, चहा ठेवायच्या आत मोबाइल काढला! खेड्यातला कालवा, काठाने पायवाट, पलीकडे मेंढ्या. होडी जाऊ द्यायला कालव्याचं लाकडी दार विहीणबाईंनी पाठ लावून ढकललं म्हणे.

माझी नात त्यांनाच चिकटून. "आजी, यू आर सो स्ट्राँग!"

जळले मी, खोटं कशाला बोलू? मी इथं अमेरिकेत, हर्नडनला, पत्रपेटीपर्यंत जाते आणि परत फिरते.

चहा घेऊन ते आपल्या घरी गेल्यावर नातीला विचारलं, "आपल्याकडं कालवा नाही का गं?"

"आहे ना! उद्या जाऊ या?"

उद्यासाठी बूट दारात काढून ठेवलेत. तुम्ही जळता का कुणावर? पाहुणे शनिवारी परत येतो म्हणालेत.