जाळीपाशी थांबलेली पावलं

माझ्याकडे टेनिसचा एक कप आहे. जिंकला मी, पण त्यावर नाव माझ्याविरुद्ध हरलेल्या साहेबांचं आहे. त्यांनी ते सामन्याआधीच कोरून घेतलं होतं. आज त्यात वारुळाची माती भरून पुदिना लावला, पाणी शिंपडलं आणि त्या सामन्याच्या सकाळचा ओल्या मातीचा वास आला.

स्वातंत्र्याला दहा वर्षं होत आली होती. मोहर्लीजवळच्या जंगलात जंगलखात्याच्या या साहेबांनी वारुळं फोडून त्या मातीचं टेनिसचं मैदान केलं होतं. गावातलं कुणी वारुळाला हात लावत नसे. अंतिम सामन्याच्या सकाळी ओल्या, गुळगुळीत मातीत वाघाची पावलं उमटलेली दिसली. मागच्या रेषेपासून ती जाळीपर्यंत आली होती आणि तिथेच संपली होती. पलीकडे काही नव्हतं, परतीचंही नव्हतं.

"वाघ गेला कुठे?" साहेबांनी विचारलं.

रोलर ओढणारे लच्चूभाऊ म्हणाले, "गेला काऊन म्हणता, साहेब? गेल्याचा पाय कुठी दिसून राह्यला?"

"रोलर फिरव."

"त्याच्यावरून मी नाई फिरवत."

मग पांढऱ्याशुभ्र विजारीतल्या साहेबांनी स्वतः रोलर ओढला आणि बँडवाल्यांना वाजवायला लावलं. माती सपाट झाली. एरवी साहेब जाळीवर धावून जाऊन गुण घेत. त्या दिवशी ते मागच्या रेषेवरून हललेच नाहीत, आणि हरले. पुढच्या वर्षी जाळीच्या जागी कमरेएवढं वारूळ उभं होतं. ती स्पर्धा पुन्हा भरली नाही.

वाघाने लांब उडी मारली असेल, असं मी आजही सांगतो. पण सामना संपल्यावर हात मिळवायला जाळीपाशी मीही गेलो नाही. आम्ही दोघांनी मैदानाबाहेर येऊन हात मिळवले.