कोपऱ्यातली खुर्ची

लोक कामावर काम कसं शिकतात, हे बघणं हा ताईचा अभ्यासाचा विषय. विद्यापीठात त्याला भारदस्त नाव होतं, पण आई शेजारणींना सरळ सांगायची, “लोक राबतात आणि आमची थोरली त्यांच्याकडे बघत बसते. त्यावर डॉक्टर झाली बाई!” ताईला या थट्टेचं काही वाटत नसे. आपल्या कामाबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, आणि ज्याला असेल त्याला पटवत बसायला वेळ नव्हता.

या सगळ्याचं मूळ धाकट्या भावाच्या बुटांच्या नाड्यांत होतं. लहानपणी ताईनं त्याला समोर बसवून नाडी बांधायला शिकवलं. त्यानं आरशात बघितल्यासारखं हुबेहूब उचललं, म्हणजे सगळं उलट. पुढे तो मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला, पण उजवा असूनही नाडी डावऱ्यासारखीच बांधत राहिला. शिकवायचं तर समोर नाही, शेजारी बसावं, हे ताईचं मत तेव्हापासूनचं.

भाऊ आधी एका मोठ्या प्रयोगशाळेत होता. तिथं जमिनीखालच्या बोगद्यात अणूपेक्षाही बारीक कण एकमेकांवर आदळायचे आणि त्यातून उडालेल्या ठिकऱ्या काचेसारखे स्फटिक टिपायचे. ठिकरी आत शिरली की स्फटिक क्षणभर लुकलुके. नवखी मुलं हे स्फटिक बसवायला कशी शिकतात ते बघायला ताई तिथं जाऊन राहिली. माहितीपुस्तकात हातमोज्यांवर पानंच्या पानं होती. पण जुनी माणसं स्फटिक खाचेत सोडताना श्वास रोखून धरतात, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. नवखे ते बघूनबघूनच उचलत, आणि आपण काही उचललंय हे त्यांच्या गावीही नसे. “आम्ही कण शोधतो आणि ताई आम्हाला शोधते,” असं तिथले लोक म्हणत. तेव्हापासून ती सगळ्यांचीच ताई झाली.

पुढे तसल्याच स्फटिकांचं कडं करून भावानं मेंदूचं चित्र काढणारं यंत्र बनवलं. रुग्णाला किंचित किरणोत्सारी औषध टोचायचं, मेंदूतून त्याचे किरण बाहेर पडतात, स्फटिक ते टिपतात आणि पडद्यावर चित्र उमटतं. एका रुग्णालयानं त्यासाठी तळमजल्यावर जागा दिली. टेबलाच्या एका अंगाला भौतिकवाले, दुसऱ्या अंगाला डॉक्टर. ही दोन धंद्यांची माणसं एकमेकांकडून काय शिकतात, हा ताईचा नवा अभ्यास. अट एकच, आणि ती तिची तिनंच घालून घेतलेली: कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं, बघायचं, टिपायचं, बोलायचं मात्र नाही. बघणाऱ्यानं मध्ये तोंड घातलं की अभ्यास नासला. तीन वर्षं ती मूग गिळून बसली होती. तिच्यासारख्या बोलघेवड्या बाईला हे किती जड गेलं, ते तिच्या घरच्यांना विचारावं. सगळं साठलेलं बोलणं संध्याकाळी त्यांच्याच वाट्याला येई.

पहिली रुग्ण म्हणून शिवणकाम करणारी एक तरुणी आली. फिट्सनी हैराण झालेली, औषधं हरली होती. फिट मेंदूच्या कुठल्या भागात सुरू होते ते नक्की कळलं, तर तेवढाच भाग काढून टाकता येणार होता. जुन्या यंत्राच्या चित्रात नुसता धुरळा दिसला. भावाच्या चित्रात मात्र पडद्याच्या डावीकडे एक काळा डाग, कडेसकट स्पष्ट.

“इतकं स्वच्छ चित्र मी आजवर पाहिलं नाही,” शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले. “ही जागा.” आणि त्यांनी आपल्या कानाच्या वर बोट टेकवलं.

“अगदी हीच,” समोर बसलेला भाऊ म्हणाला आणि त्यानंही आपल्या कानाच्या वर बोट टेकवलं. बोटासमोर बोट. दोघांनी माना डोलावल्या.

“मग उद्या सकाळी घेऊ.”

ताई टेबलाच्या टोकाशी, कोपऱ्यात. तिला दोघंही एका बाजूनं दिसत होते. डॉक्टरांचं बोट उजव्या कानावर होतं, भावाचं डाव्या. तिला एकदम नाड्या आठवल्या.

आता बोललं तर तीन वर्षं पाण्यात. शिवाय पाठच्या भावाचं भर सभेत हसं. हे सगळं तिला लख्ख दिसलं, पण त्या मुलीचं डोकं त्याहून लख्ख दिसलं.

“थांबा!” ती म्हणाली. खुर्चीलाच वाचा फुटावी तसे सगळे वळून बघू लागले. “दोघांनीही बोटं हलवू नका. आता तोंडानं सांगा, डावी बाजू की उजवी?”

“उजवी,” डॉक्टर म्हणाले.

“डावी,” भाऊ म्हणाला.

दोघांचीही नजर एकदमच पडद्याकडे वळली.

डॉक्टर चित्र बघतात ते रुग्णाच्या पायाशी, त्याच्या समोर उभं राहिल्यासारखं. भौतिकवाल्यांनी ते बनवलं होतं डोक्यामागे उभं राहून. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि म्हणूनच कोणाला विचारावंसं वाटलं नाही. महिनोन्‌महिने चाचण्या झाल्या त्या प्लास्टिकच्या डोक्यावर. त्याला डावं-उजवं कोण विचारतो! भावानं तडक त्या डोक्याच्या डाव्या कानशिलावर थेंबभर औषधाची नळी चिकटवली आणि यंत्र चालू केलं. ठिपका पडद्याच्या डावीकडेच उमटला. म्हणजे त्या मुलीचा डागही डाव्याच बाजूचा होता.

“मी उजवी बाजू उघडली असती,” डॉक्टर हळूच म्हणाले आणि खाली बसले.

भावाचे कान लाल झाले होते. “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,” बहिणीकडे बघून तो अर्धवट हसत पुटपुटला. मग जवळ येऊन म्हणाला, “ताई, तुझा अभ्यास गेला ना?”

“गेला.”

“तीन वर्षांचा?”

“गेला म्हटलं ना! आधी त्या चित्रावर डावं-उजवं लिही.”

वाईट तिला वाटलंच. त्या रात्री ती धड जेवली नाही, आणि आईनं पहिल्यांदाच थट्टा केली नाही. पण आपण बरोबर बोललो का, असा प्रश्न तिला एकदाही पडला नाही.

डाव्या बाजूची शस्त्रक्रिया नीट पार पडली. पुढच्या बैठकीला ताई आली ती कोपऱ्यातलं सामान आवरून न्यायला. बघते तर कोपरा रिकामा. तिची खुर्ची टेबलाशी आली होती, आणि डॉक्टर सरकून आपल्या बाजूला तिच्यासाठी जागा करत होते.

“तिकडे समोर नको,” भाऊ म्हणाला आणि त्यानं खुर्ची आपल्याकडे ओढून घेतली. “ताई, शेजारी बस.”