संतोषच्या टाचेखालचा बोर्ड

संतोषनं बोर्ड भिंतीला टेकवून उभा केला आणि त्याच्या खालच्या टोकातून पाणी ठिबकायला लागलं. आमच्या शॉप फ्लोअरवर छोटं थारोळं झालं.

"गच्चीवर उन्हात ठेवला होता मॅडम," तो म्हणाला. "तरी पाणी संपंना."

आमचा कारखाना चाकणला आहे. ट्रकच्या टपावरचे वारा कापणारे डिफ्लेक्टर, बसच्या आतली पॅनेल्स, असं फायबरचं काम आम्ही करतो. मी तिथे प्रॉडक्शन बघते. विंडसर्फिंगचा बोर्ड तोवर मी फक्त फोटोत पाहिला होता. लांबट फळी, तिच्यावर शीड, आणि शिडाची दांडी धरून उभा राहिलेला माणूस.

संतोष शेजारच्या कंपनीत स्टोअर्सला होता. मूळचा लातूरकडचा. हायवेवर त्याच्या बाइकला टेम्पोनं उडवलं, त्यात डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय बसवून तो कामावर परत आला, पण कुणात मिसळेना. मग अशा लोकांसाठीच्या एका शिबिरात धरणावर त्याला विंडसर्फिंग शिकवलं आणि तो त्यातच रमला. कारण विचारलं तर म्हणाला, "पाण्यावर मी लंगडत न्हाई."

हा त्याचा दुसरा बोर्ड. पहिलाही याच जागी गेला होता, डाव्या टाचेखाली. तिथे खड्डा पडायचा, मग चीर जायची आणि आत पाणी शिरायचं. विकणारा म्हणाला, वापर चुकीचा आहे, बदलून मिळणार नाही. आता समुद्रातली रेस जवळ आली होती. संतोषला कस्टम बोर्ड हवा होता. म्हणजे साच्यातून शेकड्यानं निघालेला नाही, त्याच्यापुरता बनवलेला.

"कंपनीचा माल कच्चाच असतोय. तुमी हातानं पक्का करून द्या."

आमचे मालक जाधव सर यांनी बोर्ड उचलून वजन बघितलं. "आपण ट्रकचे पार्ट करतो. हा समुद्राच्या मधोमध फुटला तर?"

"आधी जुना कापून बघू, सर."

"कापा. पण त्याला इतक्यात शब्द देऊ नका."

मी बोर्ड आडवा कापला. आत थर्माकोलसारखा हलका गाभा. त्यावर कडक फोमचा पातळ थर आणि फोमच्या दोन्ही बाजूंना फायबरचं कापड. याला सँडविच म्हणतात. वजन कमी राहतं आणि फळी ताठ होते. मी दोष शोधत होते. रेझिन, म्हणजे कापडाला घट्ट करणारा चिकट द्रव, कुठे पोचायचा राहिलाय का, कुठे हवा अडकलीय का. काही सापडलं नाही. इतकं एकसारखं काम रोज काढणं आम्हालाही अवघड आहे.

"बोर्ड कच्चा नाही, संतोष."

त्याचा चेहरा उतरला. "मग माझा पायच वाईट म्हणा की."

मी फोमची एक शीट जमिनीवर टाकली आणि त्याला दोन्ही पायांनी उभं राहायला सांगितलं. उजव्या टाचेचा फक्त पुसट वण उमटला. डावी टाच आत रुतली.

"पाय वाईट नाही," मी म्हणाले. "बोर्ड बनवणाऱ्यानं मांसाची टाच धरली होती. ती दाबली की पसरते. ही पसरत नाही. सगळा भार एवढ्याशा जागेवर येतो."

त्या खड्ड्यावर तो बोट फिरवत बसला. "म्हंजी चूक कुणाचीच न्हाई."

"नाही."

"मग राग कुणावर काढायचा?"

सर मागे उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, बनवा."

आम्ही गाभा कोरला, कापड चढवलं, वरून प्लास्टिकची पिशवी सील करून आतली हवा पंपानं ओढून घेतली. त्यानं सगळे थर एकमेकांना घट्ट चिकटतात. टाचेच्या जागी मी फायबरचे थर वाढवून चांगलं जाड ठिगळ दिलं. ट्रकच्या पार्टला देतो तसंच.

धरणावर ट्रायल झाली तेव्हा मी काठावर होते. संतोष पोहत, बोर्ड ढकलत परत आला. टाचेची जागा शाबूत होती. पण ठिगळाच्या कडेनं गोल चीर गेली होती, डब्याच्या झाकणासारखी.

कारण तिथेच लक्षात आलं. ट्रकचा पार्ट बोल्टनं जखडलेला असतो. बोर्ड प्रत्येक लाटेवर थोडा वाकतो. जाड भाग वाकत नाही, शेजारचा पातळ भाग वाकतो आणि सगळा ताण दोघांच्या सीमेवर येतो. तुटला तोही कस्टमच होता.

"आता तुमी नाद सोडणार," संतोष म्हणाला. तो ओल्या अंगानं तसाच बसून होता.

"नाही. आता मला कळलंय कुठे तुटतो ते."

पुढच्या बोर्डात टाचेखाली जास्त घट्ट फोम घातला. त्यावरचा फायबरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा लहान कापला, म्हणजे जाडी उतरत उतरत संपेल, एकदम नाही. वर रबराचा पॅड. मग दोन वाळूच्या पोत्यांवर बोर्ड आडवा ठेवला आणि शिफ्ट सुटली की संतोष येऊन त्यावर उड्या मारायचा. बघायला सगळं शॉप जमायचं. उड्या झाल्या की मी नाण्यानं बोर्ड ठोकून बघायची. आतले थर सुटले असतील तर आवाज पोकळ येतो. तो आला नाही. धरणावरही बोर्ड टिकला.

"समुद्रात न्यायचा का मॅडम?"

या वेळी सरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

"न्या," मी म्हणाले. "पण मदतीच्या बोटीच्या नजरेत राहायचं."

रेस करून तो आला तेव्हा बोर्ड कोरडा होता. संतोषनं खुर्ची ओढली, कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवला आणि गुडघा चोळत म्हणाला, "मागनं दुसरा आलो."

"वाईट वाटलं?"

"वारा पडला तवा सगळे थांबले. मी बी थांबलो. गप्पा झाल्या. पाय कसा गेला, कुणी इचारलं न्हाई."

तेव्हापासून हौशी लोकांचे फोन येतात. कस्टम बोर्ड कंपनीच्या बोर्डापेक्षा टिकतो का, असं विचारतात. मी विचारते, त्यावर कोण उभं राहणार आहे? बहुतेकांना मी कंपनीचाच घ्यायला सांगते. संतोषचा बोर्ड त्यांच्यापैकी कुणाला दिला, तर टाचेखालच्या जादा थरांनी जड झालाय म्हणून आठवड्यात परत आणून देतील.